वर्दिंग ते ब्रायटन : वडिलांसोबत समुद्राकाठची एक दिवसाची सायकलसफर

प्रश्न :
नमस्कार. आम्ही लंडनमध्ये राहतो. माझे वडील नाशिकहून आमच्याकडे आले आहेत. ते तिथे रोज सकाळी सायकल चालवतात. जुलैतल्या एखाद्या रविवारी त्यांच्यासोबत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनहून पश्चिमेला वर्दिंगपर्यंत सायकलने जावे आणि रेल्वेने परतावे, असा विचार आहे. चढ नसावेत, वाहनांची वर्दळ कमी असावी आणि वाटेत पाहण्यासारखे काही असावे. हा बेत कसा वाटतो?

प्रतिसाद १ :
बेत चांगला आहे, पण दिशा उलटी धरा. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो आणि त्याला आडोसा असा कुठेच नाही, त्यामुळे ब्रायटनहून निघालात तर सुमारे १८ किलोमीटर समोरचा वारा झेलत जावे लागेल आणि सपाट रस्ताही बाबांना दमवील. त्यापेक्षा आधी रेल्वेने वर्दिंग गाठा, तिथला १८६२ सालचा पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का, पाहा आणि वारा पाठीवर घेऊन पूर्वेकडे निघा. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक २ च्या निळ्या पाट्या वाटेत दिसतील.

लॅन्सिंगला अवश्य थांबा. तिथे एका हाताला वाइडवॉटर हे मचूळ पाण्याचे लांबट तळे आहे, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधल्या वाटेवरून आपण जात असतो. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाट मागे सरली की त्यांचा खळखळाट ऐकू येतो. त्याच गोट्यांतून सी-केल या किनाऱ्यावरच्या वनस्पतीची जाड, निळसर पाने वर आलेली असतात. पुढे शोरहॅमला एडर नदीच्या काठी जुन्या बोटींची घरे करून लोक राहतात. ती निवांत पाहून २०१३ साली खुल्या झालेल्या पुलावरून गावात या.

प्रतिसाद २ :
शोरहॅमनंतरचा टप्पा मात्र जपून करा. ए२५९ या मुख्य रस्त्यावर वाहने फार असतात, म्हणून साउथविकला बंदराच्या लॉकच्या, म्हणजे जहाजांसाठी पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या कप्प्याच्या, दरवाजांवरून सायकल हातात धरून पलीकडे जावे. जहाज येत असेल तर थोडे थांबावे लागते, पण पाण्याची पातळी बदलताना पाहणे बाबांना नक्कीच आवडेल. पलीकडचा रस्ता बंदराच्या आवारातून थेट ब्रायटनला लागून असलेल्या होव्हपर्यंत नेतो.

प्रतिसाद ३ :
ब्रायटनला पोहोचल्यावर रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यासाठी वेळ राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६ या काळात, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचे रुग्णालय याच वास्तूत होते, आणि त्याची आठवण म्हणून भारताकडून भेट मिळालेले दक्षिणेकडचे प्रवेशद्वार १९२१ पासून तिथे उभे आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचा इथे मृत्यू झाला, त्यांचे दहन गावाबाहेरच्या टेकड्यांवर झाले. त्या जागी आज छत्री हे स्मारक आहे. वाट चढाची असल्यामुळे ते याच दिवसात बसवू नका, त्यासाठी वेगळा दिवस काढा.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्दिंगहूनच निघू. रेल्वेत साध्या सायकली चालतील ना?

प्रतिसाद १ :
आठवड्याच्या मधल्या दिवसांत गर्दीच्या वेळी फक्त घडीच्या सायकली चालतात. शनिवार-रविवारी सहसा अडचण येत नाही. मात्र रविवारी रुळांची दुरुस्ती निघते, गाडीऐवजी बस सोडतात आणि त्या बसमध्ये साधी सायकल घेत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी जातानाच्या आणि परतीच्या दोन्ही गाड्या तपासून घ्या.