मदत हवी आहे: बंद केलेल्या इंटरनेट जोडणीची कागदपत्रं परत कशी घ्यायची?

मंडळी, आम्ही परभणीत. घरची फायबर जोडणी वडिलांच्या नावावर, गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेली. तो एका मोठ्या कंपनीची एजन्सी चालवतो. जोडणी देताना त्यानं आधारच्या दोन्ही बाजू, फोटो आणि सही स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवल्या होत्या. जोडणी बंद केली, राउटर परत दिला, अनामतही मिळाली.

तेव्हापासून दुसऱ्या कंपन्यांचे फोन सुरू आहेत. त्यांना वडिलांचं नाव, पत्ता आणि जुना प्लॅनसुद्धा माहीत असतो! ही माहिती बाहेर गेली कुठून?

१९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन रोखण्याची सेवा) सुरू आहे, पण फोन साध्या दहा आकडी नंबरवरून येतात. संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर कळवलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. केबलवाला म्हणतो, "भाऊ, कागदं कंपनीकडं गेली." कंपनीनं तक्रार उत्तर न देताच बंद केली. ट्राय (दूरसंचार नियामक) वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे तिकडे जायचा सल्ला नको. वकील सध्या परवडणारा नाही. वडिलांची सही मिळेल, पण त्यांना कचेऱ्यांत फिरवणं जमणार नाही.

इंटरनेट वापराच्या नोंदी कंपनीला तिच्या परवान्याच्या अटीनुसार किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात, ते मान्य. पण केबलवाल्याच्या मोबाइलमधल्या आधारच्या फोटोचं काय? तो पुसल्याचं लेखी कोणाकडून मागायचं, केबलवाल्याकडून की कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडून? आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा आधार त्या अर्जात आज घेता येईल का?