मदत हवी आहे: गाडीची टोइंग मर्यादा ५००० पौंड, कॅम्पर ३९०० चा. ओढू का?

मंडळी, आम्ही मिशिगनला असतो. जुलैत पुण्याहून आई-बाबा येतायत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, असे सहा जण मॅकिनॉ पूल ओलांडून अपर पेनिन्सुलात (मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात) भटकून यावं असा बेत आहे. तंबूत खाली झोपणं आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून सेकंडहँड कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) बघतोय.

गाडी तीन रांगांची एसयूव्ही आहे. मॅन्युअलप्रमाणे ट्रेलर ५००० पौंडांपर्यंत, हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या जागी) भार ५०० पर्यंत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर आहे, त्यावर १३८० लिहिलंय. कॅम्परचं ड्राय वेट (रिकामं वजन) ३१०० आणि जीव्हीडब्ल्यूआर (सगळं भरून जास्तीत जास्त वजन) ३९००. विकणारा म्हणतो, "अजून ११०० पौंड शिल्लक आहेत, बिनधास्त न्या." ऑफिसातला एक जण गेली कित्येक वर्षं बोट ओढतो, तो म्हणतो अजिबात नको, आणि कारण विचारलं तर नुसता हसतो. कोणाचं ऐकू? यातला नेमका कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद १
बोटवाल्याचं ऐका. त्या स्टिकरवरचे १३८० हाच तुमचा खरा आकडा. गाडीतली माणसं, सामान आणि हिचवर येणारा ट्रेलरचा भार, सगळं मिळून त्याच्या आत बसायला हवं. ५००० ची मर्यादा ठरवताना गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. तुम्ही सहा आहात.

ड्राय वेट तर विसरूनच जा. त्या वजनाचा कॅम्पर घेऊन कोणी सहलीला जात नाही. पाण्याची टाकी केवढी आहे? बॅटरी, गॅस धरलाय का? प्रत्येकाचं वजन टाका, आईंचंही. इथे कोणी हसणार नाही.

धागाकर्ता
टाकी ३० गॅलन. बॅटरी एक, गॅसचे २० पौंडी सिलिंडर दोन. सहा जणांचं मिळून ७४५ पौंड. (आईने वजन सांगताना "कपड्यांसकट" हे दोनदा बजावलं.) गाडीत कूलर, खुर्च्या, बॅगा, साधारण १५०.

प्रतिसाद १
पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे टाकी भरली की २५०. भरलेले दोन सिलिंडर ७५ च्या आसपास, बॅटरी ५०. भांडीकुंडी, अंथरुणं, किराणा, पाइप, जॅक वगैरे ४०० तरी धरा. ३१०० चे झाले ३८७५. जीव्हीडब्ल्यूआरला टेकलात.

आता टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर जेवढा भार टाकतं तो. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. १३ टक्के धरले तर ५०४, म्हणजे हिचची मर्यादा तिथेच ओलांडली. गाडीत माणसं ७४५, सामान १५०, बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा आणि दांडा) ४०, त्यात हे ५०४ मिळवा: १४३९. म्हणजे १३८० च्या वर. ट्रेलर ५००० च्या कितीतरी खाली आहे आणि तरीही गाडी ओव्हरलोड आहे. विकणाऱ्याला हे गणित माहीत नसेल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद २
मग जड सामान कॅम्परमध्ये मागच्या बाजूला टाकून टंग वेट कमी केलं तर? मागे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला तरी चालेल ना?

प्रतिसाद ३
ही युक्ती कृपया कोणी करू नका. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, तसाच प्रकार, फक्त हायवेच्या वेगात. पुढचा भार १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि शेपूट गाडीला हलवतं. साधारण ६० टक्के सामान ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे हवं. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे तेही वाकून बघा, कारण ती भरली-रिकामी झाली की टंग वेट बदलतं.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच मागचा भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या ॲक्सलकडे वाटून देतो, पण स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही. शिवाय त्याचं स्वतःचं वजन आहेच. काही एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये तो लावायला स्पष्ट मनाई असते, आधी ते पान वाचा.

कॅम्परला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत ब्रेक कंट्रोलर (ड्रायव्हरला ट्रेलरचे ब्रेक लावता येतील असं यंत्र) बसवून घ्या. ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि कंट्रोलरच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. टायरही बघा: बऱ्याच एसटी (खास ट्रेलरच्या) टायरांची मर्यादा ताशी ६५ मैलच असते.

धागाकर्ता
ज्यांच्यासाठी कॅम्पर घ्यायचा, त्यांच्यामुळेच तो ओढता येत नाही, असं झालं हे! पाणी न भरता निघालो तर?

प्रतिसाद १
ट्रेलर ३६२५, त्याचे १३ टक्के ४७१. हिच वाचला, पण बेरीज १४०६, अजून वरच. दुसरी गाडी आहे का? आई-बाबा तिच्यातून आले तर २५०-२७५ पौंड उतरतील आणि सगळं आरामात बसेल. पाणी कॅम्पग्राउंडवर भरा.

धागाकर्ता
बायकोची छोटी गाडी आहे. ती म्हणते आई-बाबांना ती घेऊन येईल, मुलं माझ्याकडे. (सौदा तिच्या फायद्याचा दिसतोय.)

प्रतिसाद ३
उत्तम. तरी हे सगळं कागदावरचं झालं. निघण्याआधी सगळं भरून ट्रक स्टॉपवर कॅट स्केलला (ट्रक तोलायच्या काट्यावर) वजन करा. एकदा ट्रेलर जोडून, एकदा नुसती गाडी, दोन्ही वेळा माणसं आणि सामान तेच. गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या वजनांची बेरीज करा; या दोन वेळच्या बेरजांत जो फरक येईल ते तुमचं खरं टंग वेट. मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या जीएडब्ल्यूआरशी (त्या ॲक्सलच्या वजनाच्या मर्यादेशी) ताडून बघा, बहुतेक वेळा आधी तोच भरतो.

आणि मॅकिनॉ पुलावर वाऱ्याचा इशारा असेल तर अलीकडेच थांबा. जोराच्या वाऱ्यात ट्रेलरवाल्यांना एस्कॉर्टबरोबर सोडतात, कधी पूल बंदही ठेवतात. तेवढ्यात मॅकिनॉ सिटीत फज खाऊन घ्या.