हात न उचलणारी आईसुद्धा

'लहानपणी मार खाल्लेली आई मुलांवरही हात उचलणारच' हे सरसकट विधान मला पटत नाही. बहुतेक जणी तसं करत नाहीत. तरीही त्यांच्या मुलांमध्ये चिंता, नैराश्य यांचं प्रमाण जास्त आढळतं, आणि ते येतं आडवाटेनं. आईचं स्वतःचं नैराश्य, तुटक झोप, कायम धास्तावलेलं मन. मुलाच्या हातून पेला पडतो, खळकन आवाज होतो आणि ती थिजते. ओरडत नाही, मारत नाही, पण चेहरा एकदम कोरा. लहान मूल तो चेहरा बघतं आणि आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतं.

अमेरिकन बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा आयांबद्दल लिहिलं होतं. त्यातल्या एकीला बाळाचं रडणं जणू ऐकूच येत नसे. तिचं स्वतःचं जुनं रडणं कुणीतरी ऐकून घेतलं, तेव्हा कुठे ती बाळाला जवळ घेऊ लागली.

म्हणून मुलाला समुपदेशकाकडे नेलं की आईचीही विचारपूस व्हायला हवी. दोष द्यायला नव्हे (ते काम करणारे घरात पुष्कळ असतात), तिच्याही उपचारांसाठी. वडील शांत, भरवशाचे असतील तर मुलाला मोठा आधार मिळतो, हेही विसरू नये.