सल्ला हवा: आश्रमशाळेतल्या मुलांसाठी २५ मफलर. लोकर कुठली, सुया की क्रोशा?

ओवी_कोथरूड
नमस्कार मंडळी. धडगाव तालुक्यातल्या (जि. नंदुरबार) एका आश्रमशाळेत माझी मैत्रीण शिकवते. दिवाळी उलटली की सातपुड्यात कडाका सुरू होतो. सकाळी परिपाठाला मुलं उघड्यावर बसतात आणि कानाला बांधायला काही नसतं. तिच्या वर्गात २५ मुलं आहेत, सगळी आठ ते दहा वर्षांची. १५ डिसेंबरला ती पुण्यात येईल तेव्हा मफलर तिच्याबरोबर पाठवायचेत. आज २६ ऑक्टोबर.

मला सुलट टाका नीट येतो. उलट येतो, पण मोजणी चुकते. क्रोशाचे साखळी आणि खांब हे दोन टाके शाळेत शिकले होते, तेवढंच. लोकर कुठली घेऊ? एका मफलरला किती लागेल? सुयांवर करू की क्रोशावर? बजेट सगळं मिळून २५०० रुपये, त्यावर जाणं शक्य नाही.

आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी मलाही हातात काहीतरी हवंय. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून नुसती मोबाइल चाळत बसते.

पेठकरीण
छान उपक्रम! मेरिनो मेंढीची मऊ लोकरच घ्या, दुसरं काही बघूच नका. मी गेल्या वर्षी मेरिनोची शाल केली, पन्नास ग्रॅमचा गोळा साडेचारशेला पडला, पण काय तो मऊपणा! सूनबाई म्हणाली, आई, ही मलाच द्या. दिली नाही.

ओवी_कोथरूड
काकू, शाल सुंदरच असणार. पण साडेचारशेच्या हिशोबाने माझे तीन मफलरसुद्धा होणार नाहीत. बजेट २५०० आहे हो.

सुलट_उलट
लहान मुलांना ऍक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर घ्या. वर्धमान, ओसवाल, जी मिळेल ती, पण सगळी एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. नाहीतर अर्ध्यावर रंगाची छटा बदलते. मला शंभर ग्रॅम ८० रुपयांना पडली होती. आठ-दहा वर्षांच्या मुलाला साधारण ९० ग्रॅम लागते, म्हणजे २५ मफलरना सव्वादोन किलो. १८०० रुपयांत बसेल.

आठ नंबरच्या सुया, ३० टाके, आणि प्रत्येक ओळ सुलट. पहिला टाका न विणता उचलायचा, कडा सरळ येते. एक ओळ सुलट एक उलट असं करू नका. दिसतं गुळगुळीत, पण दोन्ही बाजूंनी वळून नळी होते. मी पहिला मफलर तसाच केला होता. नवरा अजून त्याला सुरळीची वडी म्हणतो.

झुळूक
+१ मेरिनो.

मोजूनमापून
कुणी हिशोब करणार आहे का? आठ नंबरवर दहा सेंटिमीटरला २० टाके आणि ४० ओळी धरा. पंधरा सेंटिमीटर रुंद, ११० लांब, म्हणजे ३० गुणिले ४४०, एकूण १३,२०० टाके. मिनिटाला २५ टाके पडले (नवशिक्याचे पडत नाहीत) तर एका मफलरला पावणेनऊ तास. पंचवीसचे २२० तास. तुमच्या हातात ५० दिवस आहेत. रोज साडेचार तास, दिवाळीच्या फराळासकट. जमेल का ते आधी ठरवा, लोकर नंतर.

सुलट_उलट
मिनिटाला २५ कुठून काढलेत? माझे चाळीस पडतात, टीव्ही बघत.

मोजूनमापून
तुमचे पडत असतील. चर्चेचा धागा तुमचा नाही.

तात्या_निफाड
थंडी काय असते ते निफाडकरांना विचारा. आमच्याकडे पारा खाली आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. अशाच एका पहाटे माझा मफलर निखाऱ्याला लागला. बहिणीने ऍक्रिलिकचा विणलेला. पेटला म्हणण्यापेक्षा वितळला. गरम चिकट गोळा मनगटाला चिकटला तो कातडी घेऊनच निघाला. डाग अजून आहे. खरी लोकर लवकर पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच, नुसती करपते.

आश्रमशाळेतली मुलं शेकोटीभोवती बसणार की नाही? मग ऍक्रिलिक गळ्यात बांधताना विचार करा.

सुलट_उलट
तात्या, मुद्दा बरोबर आहे. पण खरी लोकर कोमट पाण्यात, साध्या साबणाने, न पिळता धुवावी लागते. वसतिगृहात सगळे कपडे एकाच बादलीत पडतात. दोन धुण्यांत मफलर आटून त्याचा घट्ट नमदा होईल आणि तो बाहुलीच्या मापाचा उरेल.

तात्या_निफाड
आखडलेला मफलर परवडला. मनगट बघायचं असेल तर या निफाडला.

लांबची_मावशी
न्यू जर्सीहून लिहितेय. सुयांच्या नंबराचा घोळ कुणी सांगितला नाही म्हणून सांगते. इथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते, तिथली आठ चार मिलिमीटरची. इथे नंबर वाढला की सुई जाड होते, तिथे वाढला की बारीक. इथली दहा नंबर सहा मिलिमीटर, आपली दहा जेमतेम सव्वातीन! भाचीला मी हौसेने इथल्या दहा नंबरच्या सुया पाठवल्या. तिने तिकडच्या पुस्तकातलं माप धरून बाळाचा स्वेटर विणला, तो तिच्या दिरांना झाला. तर नंबर बघू नका, मिलिमीटर बघा. तुम्हाला सुया हव्या असतील तर डिसेंबरात येतेय, बांबूच्या घेऊन येईन. चाळीसेक डॉलरला छान संच मिळतो.

शब्दवेल्हाळ
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण ‘क्रोशा’ नाही, ‘क्रोशे’. फ्रेंच शब्द आहे, अर्थ छोटा आकडा.

पेठकरीण
आमच्या आईच्या तोंडी कायम क्रोशाच होतं आणि तिचे रुमाल प्रदर्शनात लागायचे. फ्रेंचांना येतो का मोराचा रुमाल?

शब्दवेल्हाळ
रुमालाबद्दल वाद नाही. शब्दाबद्दल आहे.

हूकवाली
क्रोशा म्हणा नाहीतर क्रोशे, काम तेच करा. सुयांच्या निम्म्या वेळात होतं. एकच टाका आकड्यावर असतो, त्यामुळे सुटला तरी घर कोसळत नाही, आणि लोकल असो की दवाखान्याची रांग, कुठेही काढून बसता येतं. २०१६ मध्ये चेन्नईला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या आमच्या गटाने जगातली सर्वांत मोठी क्रोशाची गोधडी जोडली, अकरा हजार चौरस मीटरच्या वर, गिनीजमध्ये नोंद आहे. त्यात माझेही चौकोन आहेत. नंतर सगळं सोडवून गरजूंना वाटलं.

मोजूनमापून
तुमचे किती चौकोन?

हूकवाली
मोजले नाहीत. प्रत्येक गोष्ट मोजायची नसते.

सुलट_उलट
ताई, वेळेचं मान्य. पण क्रोशाला लोकर जास्त लागते. त्याच लोकरीत मी दोन्ही करून पाहिलंय. सुयांवर एक मफलर होऊन गोळा उरला, क्रोशावर एक वीत आधीच संपला. शिवाय नुसते खांब घातले तर मधून वारा जातो. करायचंच तर मुका खांब, म्हणजे बुटका घट्ट टाका, पण मग वेळ वाचत नाही आणि मफलर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

हूकवाली
क्रोशाची सुई जाड घ्या, पुठ्ठा होणार नाही. माझा नाही होत.

रोखठोक
एवढं करण्यापेक्षा हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरचा बाजार मांडतात तिथून तयार मफलर घ्या. घाऊक घेतलेत तर शंभराच्या आत एक मिळेल, अडीच हजारांत पंचवीस झाले. एका दुपारचं काम.

सत्तरी_पार
१९६२ च्या चीन युद्धात मी सातवीत होते. शाळेत बाईंनी लोकर वाटून दिली, जवानांसाठी मोजे आणि मफलर विणायला. माझ्या मफलरला मधेच एक भोक पडलं होतं. बाईंनी ते उसवू दिलं नाही, म्हणाल्या, तिकडे बर्फ पडतोय, तुझं भोक कोण बघतंय! तो मफलर कुणाच्या गळ्यात गेला असेल असं अजून कधीकधी वाटतं. विणा हो तुम्ही. होतील तेवढे होतील.

रानवाट
मी आठ वर्षं मेळघाटात काम केलंय. थोडं वेगळं सांगते, राग मानू नका.

पहिलं, वर्गात २५ असतील तर २५च द्या. वीस नेलेत तर पाच मुलांना थंडीपेक्षा वेगळंच काहीतरी लागतं. दुसरं, मफलरपेक्षा कानटोपी बरी. मफलर खेळताना सुटतो, झाडाला अडकतो, आठवड्यात हरवतो. कानटोपी डोक्यावर राहते आणि पन्नास ग्रॅमच्या आत होते. तिसरं, पांढरा, क्रीम असले रंग नकोत, धूळ आणि धूर आहे. मरून, गडद निळा घ्या. आणि सगळ्यात आधी मैत्रिणीला विचारा, मुलांना काय हवंय. आम्ही एका वर्षी हातमोजे नेले होते. मुलं त्यात बोरं भरून फिरत होती.

झुळूक
+१ कानटोपी. पण मेरिनोची.

माणदेशी
आपल्या दख्खनी मेंढीची लोकर का नाही कुणी सांगत? सणगर विणतात ती घोंगडी याच लोकरीची. माझ्याकडे आजोबांची आहे, पावसात डोक्यावर घेतली तरी आत पाणी येत नाही.

सुलट_उलट
घोंगडी अंगरख्यावरून घेतात, दादा. तीच लोकर नऊ वर्षांच्या मुलाच्या मानेला लावा, परिपाठभर खाजवत बसेल.

माणदेशी
आम्ही नाही खाजवलं.

ओवी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. दिवाळीच्या गडबडीत उत्तर द्यायला उशीर झाला. तात्यांचं वाचून झोप लागली नाही. मैत्रिणीला फोन केला. शेकोटी पेटते का, तर म्हणाली, रोज. पोरं अगदी आत सरकून बसतात. म्हणजे ऍक्रिलिक मनातून उतरलं. पण खरी लोकर बजेटमध्ये बसत नाही.

मग सासूबाईंची ट्रंक आठवली. हाताने विणलेले नऊ स्वेटर निघाले, आणि वर माझे दुकानातले चार. दोनांना कसर लागली होती, ते टाकले. बाकीच्यांची लोकर उसवून वापरता येईल का?

सुलट_उलट
येईल की! आधी प्रत्येकाच्या आतला एक धागा कापून चिमट्यात धरून जाळा, खाली पाण्याची वाटी ठेवून. केस जळल्याचा वास आला आणि बोटांनी चुरडली जाणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ऍक्रिलिक.

दुकानातले असतील तर शिवण बघा. ओव्हरलॉक केलेली असेल तर कापड कापून शिवलंय, प्रत्येक ओळीला तुकडा हातात येईल. ते सोडून द्या. हातचे असतील तर आधी बाजूच्या शिवणी सोडवा, मग गळ्याकडून, जिथे टाके बंद केलेत तिथून, उसवत खाली या. उलट्या टोकाने सुरू केलंत तर रडाल. लोकर कुरळी निघेल. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, आणि वाळत घालताना खाली छोटं वजन लटकवा. पीळ सरळ होतो.

रोखठोक
म्हणजे २२० तासांत उसवण्याचे तासही धरा आता. तिबेटी बाजार अजून उघडा आहे.

ओवी_कोथरूड
शेवटचं कळवते, म्हणजे धागा वर येत राहणार नाही.

धागे जाळून पाहिले. अकरांपैकी सहा लोकरीचे, पाच ऍक्रिलिकचे. सासूबाई ज्याला ‘काश्मीरहून आणलेला’ म्हणायच्या तो मण्यासारखा कडक झाला. सहा उसवले, धुतले, दोन किलोला थोडी कमी लोकर निघाली. कमी पडेल तेवढी खरी लोकर विकत आणली, बाराशे रुपयांची. राणी रंगाची. रानवाटताई, तुम्ही गडद सांगितला होतात हे माहीत आहे. पण सासूबाईंचं सगळं कपाट तपकिरी आणि राखाडी होतं.

मफलरच करतेय, सुयांवर. कानटोपी जास्त उपयोगी हे पटलं. पण टोपीला वर जाताना टाके कमी करत न्यावे लागतात, आणि मला संध्याकाळी मोजायचं नाहीये. नुसतं सुलट सुलट जायचंय. धुण्याचं मैत्रिणीने अंगावर घेतलंय, मफलर मुलांच्या बादलीत पडू देणार नाही म्हणाली. पडणारच, मला माहीत आहे.

१५ डिसेंबर जमणार नाही, मोजूनमापून बरोबर होते. आज सात झालेत. आमच्या सोसायटीतल्या दोघी हाताखाली आल्यात. मैत्रीण संक्रांतीला परत येतेय, पंचवीसच्या पंचवीस तेव्हाच जातील.

रानवाट
संक्रांतीपर्यंत निम्मी थंडी गेलेली असते, ताई. पण ठीक. बोरांचा हंगाम तोच, मफलरच्या टोकात बांधून आणतील.

पेठकरीण
जुनी लोकर! मग इतक्या जणांना विचारलं कशाला? माझ्याकडे मेरिनोचा एक गोळा उरलाय, हवा असेल तर घरी येऊन घेऊन जा. चहाला थांबायचं.

मोजूनमापून
सात झाले म्हणता. किती दिवसांत?

लांबची_मावशी
बांबूच्या सुया घेऊन ठेवल्यात हो मी. पाच मिलिमीटर. आता कुणाला हव्यात?