माल आणून देण्याची मिशनं: आधी मिशन घ्यायचं की आधी माल?

पायथनवाला:
एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या व्हिडिओ गेममध्ये 'अमुक माल इतके टन आणून द्या' अशी मिशनं असतात, त्यांच्याबद्दल बोलतोय. बहुतेक जण स्टेशनच्या मिशन बोर्डावरचा मोबदल्याचा आकडा बघतात, मिशन घेतात आणि मग माल कुठे मिळेल ते शोधत बसतात. माझ्या मते हे साफ उलटं आहे. माल कुठे मिळतो हे कळल्याशिवाय मिशन घेऊच नये.

अंतर मोजतानाही आपण प्रकाशवर्षं बघतो. खरा वेळ खाते ती ताऱ्यापासून स्टेशनपर्यंतची सुपरक्रूझ, म्हणजे प्रणालीच्या आतला प्रवास. तीन जंप (एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या) दोन-तीन मिनिटांत उरकतात, पण स्टेशन ताऱ्यापासून दोन लाख प्रकाश-सेकंद दूर असेल तर नुसतं बसून राहायचं. अल्फा सेंटॉरीतलं हटन ऑर्बिटल हे टोकाचं उदाहरण, ०.२२ प्रकाशवर्षं आत जायला साध्या ड्राइव्हने तासाहून जास्त लागतो. एक जंप वाढली तरी चालेल, स्टेशन ताऱ्याजवळच हवं.

दुसरं म्हणजे एकाच मालाची मिशनं गोळा करा. एका वेळी २० घेता येतात म्हणून वीस वेगवेगळे माल उचलू नका. एकाच स्टेशनवर तीन गटांना तांबं हवं असेल तर एका फेरीत तिन्ही मोकळी.

टाइप_नाइन:
पटलं नाही. तुम्ही मिनिटं मोजताय, पण पायथनने, म्हणजे मध्यम जहाजाने. टाइप-९ या मोठ्या मालवाहू जहाजात शील्ड ठेवूनही सातशे टनांच्या वर माल मावतो. पायथनला तीन फेऱ्या लागतात तिथे मी एकीत परत येतो. मोठं जहाज घ्या, निम्मी गणितं करावीच लागणार नाहीत.

पायथनवाला:
आणि मिशन आउटपोस्टचं, म्हणजे छोट्या स्टेशनचं, निघालं तर? तिथे मोठा लँडिंग पॅडच नसतो. सातशे टन घेऊन बाहेर घिरट्या घालणार का? शिवाय मिशन १२० टनांचं असेल तर उरलेली जागा रिकामीच फिरते.

टाइप_नाइन:
आउटपोस्टचा मुद्दा मान्य. पण विंग मिशनं, म्हणजे गटाने मिळून करायची, बघा. हजारो टनांची मागणी, माल हप्त्याहप्त्याने दिला तरी चालतो आणि चौघांत वाटता येतो. तिथे पायथन दमतो.

साठेबाज:
दोघेही माल आणायलाच निघताय. मी आधीच आणून ठेवतो. फ्लीट कॅरियर या खेळाडूच्या मालकीच्या महाकाय जहाजात २५,००० टनांची जागा असते. नेहमी मागितले जाणारे माल त्यात भरून कॅरियर मिशनं मिळतात त्याच प्रणालीत उभं करायचं. मिशन घेतलं, कॅरियरवरून उचललं, दिलं.

नवा_पायलट:
दादा, कॅरियरला ५ अब्ज क्रेडिट लागतात, वर दर आठवड्याचा खर्च वेगळा. ज्याच्याकडे एवढे आहेत त्याला ही मिशनं करायची गरज काय? मी आत्ता कोब्रा या छोट्या जहाजात आहे. मला सांगा, बाहेरच्या साइटवर बाजारभाव न शोधता माल कसा हुडकायचा? सगळं इनारा या साइटवर बघितलं तर व्यापारी असल्यासारखं वाटतच नाही.

पायथनवाला:
हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आकाशगंगेच्या नकाशात प्रत्येक प्रणालीची अर्थव्यवस्था दिसते. धातू हवे तर रिफायनरी, खनिजं हवीत तर खाणकामाची प्रणाली, धान्य-मांस हवं तर शेतीची, यंत्रं हवीत तर औद्योगिक. एवढं डोक्यात बसलं की साइट लागत नाही. फक्त पुरवठ्याचा आकडा पोहोचल्यावरच कळतो, म्हणून लहान मिशनांनी सुरुवात कर. भेट दिलेल्या स्टेशनांचे भाव खेळच लक्षात ठेवतो, हळूहळू तुझा स्वतःचा नकाशा तयार होतो.

टाइप_नाइन:
मी मात्र इनाराच बघणार. माल नसलेल्या स्टेशनवर एकदा पोहोचलं की वीस मिनिटं गेली. पण नव्या पायलटला एक सांगतो: स्टेशन जवळ आलं आणि पोहोचायची वेळ सात सेकंदांवर आली की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आण. पुढे जाऊन परत वळावं लागत नाही. आणि अंतराळातल्या चाच्याने सुपरक्रूझमधून बाहेर ओढलं तर झगडू नकोस. थ्रॉटल शून्य करून शरण जा, ड्राइव्ह लवकर थंड होतो, लगेच पळ काढता येतो.

साठेबाज:
यावर मात्र माझं दोघांशीही एकमत. कॅरियरविषयी नाही.

नवा_पायलट:
बोर्डावर तांब्याची दोन मिशनं दिसताहेत, मिळून ३६ टन. रिफायनरी दोन जंपांवर, स्टेशन ताऱ्यापासून ४०० प्रकाश-सेकंदांवर. निघतो.