कार्ब कमी केले, तरी आईची शुगर सकाळी ६४ आणि एकादशीला २८७?

निशिगंध
आईचं वय ५८, टाइप २ मधुमेह, नऊ वर्षं झाली. तीन आठवड्यांपासून भात, साखर बंद. नाश्त्याला ऑम्लेट नाहीतर पनीर, दुपारी भाजी-आमटी-दही, रात्री भाजी आणि एकच पोळी. ग्लुकोमीटरचे आकडे:

उपाशीपोटी १४८, १५२, १४१
सकाळी साडेअकराला ६४, ७१ (घाम, हात थरथरतात)
दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी ११८, १३२
झोपताना १२४
एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीनंतर २८७

रात्री गोड काहीच नाही, मग सकाळी १५० येते कुठून? आणि हीच खिचडी खाऊन पूर्वी २३० च्या वर जात नव्हती, आता इतकं पथ्य करूनही २८७? गोळ्या पूर्वीच्याच आहेत.

वजनकाटा
१५० आणि २८७ बाजूला ठेवा, आधी ते ६४ बघा. गोळ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत औषधांची नावं असतात, ती लिहा. ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही, एकेका गोळीत तीन-तीन औषधं असतात.

निशिगंध
नाश्त्याआधी: ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२ एकत्र. दुपारी डापाग्लिफ्लोझिन १०. रात्री मेटफॉर्मिन ५००. थरथर सुटली की चमचाभर साखर देतो, पण बरं वाटायला अर्धा तास लागतो.

वजनकाटा
उत्तर पाकिटावरच होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. बशीत पोहे आहेत की ऑम्लेट, हे त्या गोळीला कळत नाही. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ४५ ग्रॅम कार्ब असतात, ऑम्लेटमध्ये जेमतेम एक-दोन. डोस जुन्या नाश्त्याचा, नाश्ता नवा, म्हणून साडेअकराला शुगर खाली. नुसत्या मेटफॉर्मिनवर ६४ सहसा दिसत नाही. आजच डॉक्टरांना फोन करा, आहार बदलल्याचं आणि हे दोन आकडे सांगा. डोस मनाने बंद करू नका, आणि तो बदलेपर्यंत नाश्त्याला ऑम्लेटबरोबर एक पोळी असू द्या.

चमचाभर साखर का लागू पडत नाही? एक तर ती ४-५ ग्रॅमच. दुसरं, व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणारं एन्झाइमच अडवतं. या गोळीवर असलेल्या माणसाला साधी साखर नको, ग्लुकोज पावडर हवी, ती फोडावी लागत नाही. पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं बघून घ्या, सरबताच्या पावडरी बहुतेक साखरेच्याच असतात. काट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात गोळा होतो. ७० च्या खाली गेली की एक पुडी अर्धा पेला पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा टोचून बघा, अजून कमी असेल तर दुसरी. पेढा किंवा चॉकलेट नको, स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ हॉस्पिटल.

तिसरा प्रहर
वरच्या प्रतिसादात डापाग्लिफ्लोझिन राहून गेलं, आणि मला तेच जास्त खटकतंय. हे औषध लघवीतून ग्लुकोज बाहेर टाकतं. त्यात कार्ब फार कमी केले की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढून कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी होणं, होऊ शकतो, आणि फसवी गोष्ट अशी की मीटरवर शुगर १६०-१८० च दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही असेल तर मीटर बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, तातडीने दवाखाना गाठा आणि हे औषध चालू असल्याचं सांगा. उलट्या-जुलाब असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी कधी थांबवायची, ते डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या. निर्जळी उपवास तर बादच.

आता सकाळचे १५०. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतं, त्या इशाऱ्यावर यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडतं. रात्री पोळी खाल्ली काय, न खाल्ली काय, ते चालूच राहतं. खात्री करायला दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे ३ ला आणि उठल्यावर मोजा. १२४-११८-१४८ असं आलं तर हाच प्रकार. ३ ला ७० च्या खाली आली तर रात्रीही शुगर पडतेय, तेही डॉक्टरांना सांगा. ३ ला १७० असेल तर रात्रीचं जेवण बघा: पनीर, दाण्याचं कूट, तेल जास्त असलं की पचन लांबतं आणि चढ दोन तासांनी न येता चार-पाच तासांनी येतो. साडेसातला जेवण आणि नंतर १५ मिनिटं चालणं, एवढ्याने फरक पडतो का आठवडाभर बघा.

आणि १४१, १४८, १५२ हा एकच आकडा समजा. घरगुती मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं.

भगर नको
एकादशीबद्दल. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ हून जास्त ग्रॅम कार्ब, प्रथिनं जवळपास नाहीत. एका थाळीला ७० ग्रॅम साबुदाणा धरला तरी ६० ग्रॅम झाले, बटाटा वेगळा. पूर्वी २३० आणि आता २८७, कारण तीन आठवडे कमी कार्बवर शरीर चरबी जाळायला सरावतं आणि एकदम कार्ब आले की इन्शुलिनचा पहिला झटका कमजोर पडतो. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या (ग्लुकोज पाजून शुगर तपासतात तिच्या) आधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब खायला सांगतात ते यासाठीच. म्हणजे पथ्याने आजार वाढलेला नाही, पण सहा दिवस ४० ग्रॅम आणि सातव्या दिवशी १५० हे गणित चुकतं.

भगर आणि राजगिरा साबुदाण्यापेक्षा बरे, पण त्यातही १०० ग्रॅमला ६५ च्या आसपास कार्ब आहेत. ३० ग्रॅम कोरडी भगर, बरोबर दह्यातली काकडी, मूठभर दाणे, ताक. ‘भाकरी चालते’ हाही एक गोड गैरसमज: ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे ४० ग्रॅम कार्ब, म्हणजे दोन फुलके. पीठ एकदा काट्यावर तोलून बघा, हाताच्या अंदाजाची भाकरी बऱ्याचदा ९० ग्रॅमची निघते.

निशिगंध
डॉक्टरांना आकडे आणि गोळ्यांचा फोटो पाठवला, उद्या सकाळी बोलावलंय. पहाटे ३ चा गजर आजपासून लावते. दोन तास जेवण संपल्यापासून मोजायचे ना?

वजनकाटा
पहिल्या घासापासून. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा, फळ चिरलेल्या बोटाची शुगर खोटी येते.