वॉटसन यांना विसरू नका

वर एकांनी लिहिलंय की ऑस्ट्रेलियात मजूर पक्ष पहिल्यांदा सत्तेत आला तो 1910 मध्ये, अँड्र्यू फिशर यांच्यामुळे. त्यात थोडी भर घालतो. 1910 ला पहिलं स्पष्ट बहुमत मिळालं, पण पहिलं सरकार 1904 चं, ख्रिस वॉटसन यांचं. राष्ट्रीय पातळीवरचं जगातलं पहिलं मजूर सरकार तेच.

माणूस भन्नाट होता. जन्म चिलीतल्या वाल्पाराइसोचा, वाढला न्यूझीलंडमध्ये, पेशाने छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. 1886 मध्ये सिडनीला आल्यावर गव्हर्नरच्या बंगल्यातल्या तबेल्यात नोकरी केली आणि अठरा वर्षांत थेट पंतप्रधान! वय अवघं 37.

तेव्हा संसदेत तीन जवळपास तुल्यबळ गट होते. तेव्हाचे पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांनी वैतागून विचारलं होतं, दोनाऐवजी तीन संघ मैदानात उतरले तर क्रिकेट खेळायचं कसं? एप्रिलमध्ये औद्योगिक लवाद विधेयकावर (मालक-कामगारांचे तंटे लवादाकडे सोपवणारं), मजूर पक्षाच्या फिशर यांच्याच दुरुस्तीमुळे डीकिन यांचं सरकार पडलं. वॉटसन आले आणि ऑगस्टमध्ये त्याच विधेयकावर तेही गेले. संसद बरखास्त करा म्हणाले, गव्हर्नर जनरलनी (ब्रिटिश राजाच्या प्रतिनिधीनी) ऐकलं नाही.

गोरे नसलेल्यांना देशात येऊ न देण्याच्या ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे वॉटसन कट्टर समर्थक होते, हेही सांगायलाच हवं. कामगारांचा कैवार गोऱ्यांपुरताच. पुढे पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, सक्तीच्या लष्करभरतीला पाठिंबा दिला म्हणून पक्षानेच त्यांना बाहेर काढलं. मग ते मोटारवाल्यांच्या संघटनेत रमले आणि नंतर एका पेट्रोल कंपनीचे अध्यक्षही झाले.